सहामाही सॉफ्टवेअर

ओपनस्टॅक बसवण्याचं कुठलंही गाइड उघडा, पहिली अट एकच असते: एक स्वच्छ मशीन घ्या. पुढची सगळी पानं या एका वाक्याच्या भरवशावर उभी असतात आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही ऑफिसात स्वच्छ मशीन नावाची वस्तू नसते. असतो तो कुणाच्या तरी टेबलाखालचा सर्व्हर. त्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: 'बंद करू नये.' कागद लावणारा गृहस्थ कंपनी सोडून कधीच बंगळुरूला गेलेला असतो. हा सर्व्हर नेमकं काय करतो हे मागे उरलेल्यांपैकी कुणालाच माहीत नसतं आणि नेमकं म्हणूनच तो बंद करायची कुणाची छाती होत नाही.

बाबापुता करून मशीन मिळवलं तरी गाइडचं समाधान होत नाही. त्याला नेटवर्क कार्डं दोन हवी असतात आणि त्यातल्या दुसऱ्या कार्डाला आयपी अ‍ॅड्रेस नको असतो. हे आयटी खात्याच्या गळी उतरवणं म्हणजे वेगळं खातं उघडण्यासारखं काम. "कार्ड द्यायचं, पण अ‍ॅड्रेस द्यायचा नाही? मग ते हवंय कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर न्यूट्रॉन नावाच्या घटकापाशी असतं आणि न्यूट्रॉन समजायचा तर ओपनस्टॅक आधी बसलेलं असावं लागतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याच खोलीतले दहावीस सर्व्हर एकत्र बांधायचे आणि ज्याला जेवढं हवं तेवढं व्हर्च्युअल मशीन त्यातून काढून द्यायचं. अ‍ॅमेझॉन, गूगल हेच करतात आणि महिनाअखेरीला बिल पाठवतात. ओपनस्टॅकचं बिल येत नाही. मॅनेजर लोकांचा जीव तिथेच गुंतलेला असतो.

"फुकट आहे ना?"

"हो सर. लायसन्सचे पैसे नाहीत."

"मग झालं तर!"

या 'झालं तर'मध्ये चार इंजिनिअर अडकून पडतात, पण त्यांचा पगार वेगळ्या हेडखाली जात असल्यामुळे फुकटपणाला कुठेही धक्का लागत नाही.

ओपनस्टॅक २०१० साली जन्माला आलं. आईबाप दोघेही अमेरिकेतले: एक नासा आणि दुसरी टेक्सासमधली रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी. नासाच्या नेब्युला प्रकल्पातून मशीन चालवणारा नोव्हा आला, रॅकस्पेसकडून फाइली साठवणारा स्विफ्ट आला. मीटिंगमध्ये 'नासा' हा शब्द उच्चारला की बजेट मंजूर होतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र २०१२ मध्ये नासानं यातून अंग काढून घेतलं आणि ती अ‍ॅमेझॉनच्या सेवेकडे वळली. हा उत्तरार्ध मीटिंगमध्ये सांगायची पद्धत नाही.

नोव्हा आणि स्विफ्ट ही दोनच पोरं असती तर एखाद्या रविवारी बसवून मोकळं होता आलं असतं. पण मग ओळखपत्रं तपासायला कीस्टोन आला, डिस्कच्या प्रतिमा सांभाळायला ग्लान्स, खिडकीतून सगळं दाखवायला होरायझन, डिस्क वाटायला सिंडर, नेटवर्कला न्यूट्रॉन. यादी पुढे खूप आहे. यातला जवळजवळ प्रत्येक घटक स्वतंत्र संसार मागतो. त्याचा वेगळा डेटाबेस, डेटाबेसचा वेगळा पासवर्ड, कीस्टोनमध्ये वेगळं खातं, त्या खात्याचा आणखी एक पासवर्ड, आणि हे सगळं लिहायला एक कॉन्फिग फाइल, जिच्यात हजारभर ओळी हॅश लावून झोपवलेल्या असतात. त्यातली नेमकी कुठली ओळ उठवायची हे ज्याला कळतं त्याला ऑफिसात मान असतो.

अधिकृत गाइडमध्ये पासवर्डांच्या जागी नमुन्याचे शब्द छापलेले असतात: 'नोव्हा_पास', 'नोव्हा_डीबीपास' वगैरे. तिथे आपापला पासवर्ड घालावा असं सुरुवातीला एकदा सांगितलेलंही असतं. पण सुरुवात कोण वाचतं? मंडळी चौथ्या पानापासून कॉपी-पेस्ट करत सुटतात. जगातल्या किती क्लाउडांचा पासवर्ड आज खरोखरच 'नोव्हा_डीबीपास' असेल याचा विचार मी रात्री करत नाही.

आता न्यूट्रॉनची गंमत. त्याचं पाळण्यातलं नाव क्वांटम. पण क्वांटम नावाची डेटा साठवायच्या टेप बनवणारी एक कंपनी आधीपासून होती, ट्रेडमार्कचा प्रश्न उपस्थित झाला आणि २०१३ मध्ये क्वांटमचा न्यूट्रॉन झाला. कमांडचं नाव बदललं, फाइलचं बदललं, डेटाबेसचं बदललं, लॉगच्या फोल्डरचं बदललं. बदललं नाही ते लोकांनी आधी लिहून ठेवलेलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं गूगलवर एखादी अडचण शोधली की निम्मी उत्तरं क्वांटमची यायची आणि निम्मी न्यूट्रॉनची, आणि दोन्हीकडच्या चार-चार ओळी एकाच फाइलमध्ये भरून घाम पुसत बसलेला एक तरी मुलगा प्रत्येक टीममध्ये असायचा. हेच दुखणं सव्हाना नावाच्या घटकाला झालं, त्याचा सहारा केला. मार्कोनीलाही झालं, त्याचा झाकार केला. नाव ठेवायच्या आधी ट्रेडमार्कची यादी पाहायची पद्धत इतक्या हुशार लोकांना का सुचली नाही, हे एक कोडंच आहे.

पण घटकांची नावं हा त्रास किरकोळ म्हणायचा. खरा दणका आवृत्त्यांचा. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. शाळेत सहामाही परीक्षेला निदान अभ्यासक्रम तरी तोच असायचा, इथे तोही बदललेला असतो. आवृत्तीचं नाव इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं ठेवायचं आणि आराखडा ठरवणारं संमेलन जिथे भरेल त्या परिसराशी त्याचा काहीतरी संबंध हवा, अशी मूळ रीत. म्हणून पहिली ऑस्टिन, मग बेअर, कॅक्टस, डायब्लो, एसेक्स, फॉल्सम, ग्रिझली, हवाना. हाँगकाँगच्या एका रस्त्यावरून आइसहाऊस. पॅरिसची पाळी आली तेव्हा 'के' अक्षर होतं आणि पॅरिसजवळच्या सेव्हर गावी जगाचा प्रमाण किलोग्रॅम ठेवलेला होता, म्हणून नाव किलो. मॅनेजरना "आपण अजून किलोवर आहोत" असं सांगितलं तेव्हा त्यांनी "किती किलोवर?" असं विचारलं होतं, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

या किलोची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेव्हरचा तो धातूचा ठोकळा १८८९ पासून साऱ्या जगाचं माप होता. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर नेली आणि ठोकळ्याला निवृत्त केलं. म्हणजे त्यानं एकशे तीस वर्षं नोकरी केली. त्याचं नाव घेतलेली ओपनस्टॅकची आवृत्ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली आणि साधारण वर्षभरात तिच्या दुरुस्त्याही बंद झाल्या. आमच्याकडे ती बसवून, तपासून, साहेबांना दाखवून होईपर्यंत तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

अर्थात दोष एकट्या ओपनस्टॅकचा नाही. ते पायथनमध्ये लिहिलेलं, पायथनच्या शेकडो लायब्ररींवर रेललेलं. त्याच्या खाली डेटाबेस, शेजारी निरोप्याचं काम करणारा रॅबिटएमक्यू, सगळ्यांच्या खाली लिनक्स. यातला प्रत्येक जण आपापल्या वेळापत्रकानं बदलतो आणि कुणी कुणाला विचारत नाही. पायथन दोनची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली. ओपनस्टॅकची २०१९ ची ट्रेन आवृत्ती दोनवर चालायची, पुढची उसुरी फक्त तीनवर. काल रात्री जेवताना चाललेलं इन्स्टॉलेशन आज सकाळी चहाच्या वेळी मोडतं, कारण मधल्या वेळात पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी एका लायब्ररीची नवी आवृत्ती सोडून झोपायला गेलेला असतो. या प्रकाराला कंटाळून शेवटी ओपनस्टॅकवाल्यांनी एक लांबलचक यादीच सांभाळायला घेतली: अमुक लायब्ररीची तमुकच आवृत्ती, तिच्या वर जायचं नाही. यादीत शेकडो नावं आहेत. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यांत प्रामाणिक दस्तऐवज तोच. कारण तुम्ही खरं म्हणजे सॉफ्टवेअर बसवतच नसता. तुम्ही एक तारीख बसवत असता. त्या तारखेला या शेकडो मंडळींचं आपापसात पटत होतं, एवढंच त्या यादीचं म्हणणं.

ही तारीख प्रत्येक गाइडला असते आणि तीच कुठे ठळक लिहिलेली नसते. गाइड लिहिणारा लिहितो तेव्हा सगळं बरोबरच असतं. खोटं तो काहीच लिहीत नाही. 'ही कमांड द्या, असं दिसेल' असं तो सांगतो आणि त्याला तसं दिसलेलंही असतं. आपण ती कमांड देतो आणि उत्तर येतं की अशी कमांडच नाही. पूर्वी प्रत्येक घटकाची वेगळी कमांड होती, मग सगळ्यांची मिळून 'ओपनस्टॅक' नावाची एकच कमांड झाली, कीस्टोनचा दुसऱ्या पिढीचा एपीआय जाऊन तिसऱ्या पिढीचा आला. कीस्टोनचं कारभाऱ्यांसाठी वेगळं दार होतं, पोर्ट ३५३५७. हा आकडा रीतसर नोंदवलेला, पण लिनक्स ज्या आकड्यांतून जाताजाता कुठल्याही प्रोग्रामला पोर्ट वाटतं नेमका त्यांच्यात पडणारा. म्हणजे मशीन चालू होताना दुसऱ्याच कुणी तो आधी उचलला, तर कीस्टोन उठायलाच तयार नाही. दहा वेळा रीस्टार्ट केलं की नऊ वेळा चालतं, आणि दहावी वेळ साहेबांपुढच्या डेमोची. पुढे ते दार काढूनच टाकलं. जुन्या गाइडांत मात्र ते अजून उघडं आहे.

समजा, सगळं बसलं. होरायझनचं पान उघडलं, लॉगिन झालं, टीमनं चहा मागवला. आता पहिलं व्हर्च्युअल मशीन सुरू करायचं. बटण दाबलं की निरोप कीस्टोनकडून नोव्हाकडे, तिथून रॅबिटकडे, शेड्युलरकडे, ग्लान्सकडे, न्यूट्रॉनकडे फिरतो आणि मिनिटभरानं पडद्यावर तांबडी पट्टी येते: 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड.'

ओपनस्टॅकच्या दुनियेत हे वाक्य न पाहिलेला माणूस नाही. तहसील कचेरीत 'साहेब जागेवर नाहीत' हे जसं प्रत्येक प्रसंगी खरं असतं आणि कुठल्याच प्रसंगी उपयोगाचं नसतं, तसं हे वाक्य. रॅम कमी पडली, तरी हेच. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद राहिलं, तरी हेच. न्यूट्रॉननं नेटवर्क जोडायला नकार दिला, तरी फिरून फिरून बऱ्याचदा हेच. खरं कारण कुठल्या तरी मशीनवरच्या कुठल्या तरी लॉगमध्ये, साठसत्तर ओळींच्या पायथनी आक्रोशाच्या मधोमध कुठेतरी असतं. तिथवर पोचायला ग्रेप ही कमांड आणि थोडी श्रद्धा लागते.

सगळ्यांत छळवादी कारण म्हणजे घड्याळ. प्रत्येक मशीनवरचा नोव्हा 'मी जिवंत आहे' असं थोड्या थोड्या वेळानं डेटाबेसात लिहीत असतो. मिनिटभर नोंद दिसली नाही की त्याला मेलेला धरतात. म्हणजे एखाद्या मशीनचं घड्याळ दोन मिनिटं मागं असलं, तर तो जिवंतपणीच मयत. आणि ही जिवंत-मयताची यादी पाहायची जुनी कमांड दिली की काय दिसायचं? जिवंत असेल त्याच्या नावापुढे स्मायली. खरोखरची स्मायली: दोन टिंबं, एक आडवी रेघ, एक कंस. आणि मेलेल्याच्या नावापुढे तीन फुल्या. लाखो रुपयांचे सर्व्हर, नासाचं बीज, आणि तब्येतीचा अहवाल हा असा. रात्री दोन वाजता फुलीची स्मायली झालेली पाहून ओरडणारी, एरवी गंभीर असलेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांच्यासाठी डेव्हस्टॅक आहे. एक स्क्रिप्ट चालवायची, ती इंटरनेटवरून सगळं उतरवते, बसवते, जोडते. तुमच्या मशीनमध्ये ती भरपूर बदल करणार आहे, वेगळ्या मशीनवरच चालवा, असं तिचं गाइड स्पष्ट बजावतं. तरी लोक ती स्वतःच्या लॅपटॉपवर चालवतात आणि मग लॅपटॉप कुणाचा हा प्रश्न शिल्लक राहतो. शिवाय ठरवून सांगितलं नाही तर डेव्हस्टॅक आज सकाळपर्यंतचा ताजा कोड उतरवतं. ताजी भाजी आरोग्याला चांगली. कोडचं तसं नाही. आणि हे सगळं रीबूट सोसण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पोराबाळांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे शुक्रवार सकाळ डेव्हस्टॅक पुन्हा चालवण्यासाठी राखीव असायची.

हे अवघड आहे हे बनवणाऱ्यांनाही दिसत होतं. पण त्यांचा उपाय त्यांच्याच वळणाचा. ओपनस्टॅक बसवणं कठीण जातंय? मग आधी एक छोटं ओपनस्टॅक बसवा, ते मोठं ओपनस्टॅक बसवेल. ही थट्टा नाही, ट्रिपलओ नावाचा प्रकल्प होता आणि खालच्याला अंडरक्लाउड, वरच्याला ओव्हरक्लाउड म्हणत. छोटं कोण बसवणार, असं विचारणाऱ्याकडे लोक दयेनं पाहत. २०२३ मध्ये तो प्रकल्प गुंडाळायचं ठरलं. दरम्यान कोला नावाच्या प्रकल्पानं सगळे घटक कंटेनरमध्ये भरले. मग असे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस आलं आणि ओपनस्टॅक कुबरनेटिसवर बसवायचं ठरलं. कुबरनेटिस कशावर बसवायचं? त्याची सोय ओपनस्टॅकमध्ये मॅग्नम नावाच्या घटकानं आधीच केलेली होती. आणि कुबरनेटिसची नवी आवृत्ती पूर्वी वर्षाला चारदा यायची, २०२१ पासून तीनदा येते. हा बदल लोकांना विश्रांती मिळावी म्हणून केला, असं म्हणतात. विश्रांतीची व्याख्या ज्याची त्याची.

यात कुणी खलनायक नाही, हीच पंचाईत. शेकडो कंपन्यांची माणसं यात कोड लिहितात, सगळी हुशार, बरीचशी सज्जन. पण नवा घटक आणणाऱ्याला संमेलनात व्यासपीठ मिळतं आणि जुन्या गाइडमधली चुकलेली ओळ सुधारणाऱ्याला फार तर 'थँक्स' मिळतं. अप्रेझलच्या फॉर्मवर 'मी यंदा काहीही बदललं नाही, म्हणून सगळं चालू राहिलं' असं लिहायला रकाना नसतो. तरी २०२३ मध्ये एक शहाणपण घडलं. वर्णमाला 'झेड'वर संपलीच होती. मग आवृत्त्यांना सालाचे आकडे दिले आणि २०२३.१ पासून वर्षातली एक आवृत्ती गाळून उडी मारली तरी चालेल असं ठरवलं. तेरा वर्षांनी. नावं मात्र सोडवली नाहीत. आकड्याच्या शेपटाला अँटिलोप, बॉबकॅट अशी जनावरं बांधली.

वरच्या मजल्यावर या सगळ्याला एकच उत्तर असतं: "अरे, स्वित्झर्लंडमध्ये सर्नवाले यावर लाखो कोअर चालवतात. आपल्याला का जमत नाही?" सर्न २०१३ पासून खरंच चालवतं, आणि उत्तम चालवतं. पण जी मंडळी जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं कडं खणून त्यात प्रोटॉन फिरवतात, त्यांना न्यूट्रॉनची भीती वाटू नये हे स्वाभाविक आहे. शिवाय त्यांच्याकडे यासाठी माणसं नेमलेली असतात. आपल्याकडे ज्यानं हे बसवायचं, त्याच्याकडेच प्रिंटरचंही काम असतं.

मधल्या काळात बहुतेकांनी ओपनस्टॅकचा नाद सोडला होता. क्लाउड भाड्यानं घेतला किंवा व्हर्च्युअल मशीनचंच विकतचं सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हीएमवेअरचं लायसन्स घेतलं आणि लोक रात्री घरी जाऊन झोपू लागले. मग २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतलं, डिसेंबरात कायमची लायसन्सं विकणं बंद करून वर्गणीची पद्धत आणली आणि नूतनीकरणाचे आकडे पाहून ठिकठिकाणच्या मॅनेजरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्याकडेही मीटिंग झाली. पडद्यावर एक्सेल होतं, त्यात एक रकाना लाल होता.

"ते ओपनस्टॅक परत बघू या का? आता पुष्कळ सुधारलं असेल. आणि फुकट आहे ना?"

टीममधल्या ज्येष्ठानं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि जागेवर जाऊन दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला. कारण: गणपतीला गावी जायचं आहे. एप्रिल महिना चालू होता.

अर्ज कुणी न वाचताच मंजूर झाला.